ज्याचं स्टूल त्याने न्यावं

६ मार्च

चि. सौ. टिचकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाय प्लास्टरमध्ये आहे हे वाचून आधी घाबरले, आणि पडलीस कशी ते वाचल्यावर हसू आवरेना. लोकांना गाडी चालवायला शिकवणारी बाई, इतक्या वर्षांत रस्त्यावर कधी साधा ओरखडा नाही, आणि घरात फळी ठोकताना शिडीवरून खाली येते! त्यातही उजवाच पाय, ब्रेकचा. तुझ्या शिकाऊ लोकांनी आता कोणाच्या भरवशावर रस्त्यात उतरायचं? मास्तरांना माझा निरोप सांग, की बायको शिडीवर असताना दोन्ही हातांनी शिडी धरायची असते, एका हातात वर्तमानपत्र धरायचं नसतं.

फोन करू नकोस म्हटलं त्याचा राग मानू नकोस. माझ्या कानांनी संपच पुकारलाय. तू फोनवर भराभरा बोलतेस, त्यातलं निम्मं मला कळतं आणि उरलेल्याला मी अंदाजाने हो हो म्हणते. परवा अशीच लेकीला कशाला तरी हो म्हणाले, तर घरी दोन डॉक्टरांच्या वेळा ठरल्या. पत्र बरं. हवं तितक्यांदा वाचता येतं आणि मध्येच चहा उकळून आला तर उठताही येतं.

तू घराबद्दल विचारलंस. खोल्या दोन आहेत, हवेशीर आहेत, सकाळचं ऊन थेट गॅसच्या ओट्यापर्यंत येतं. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आहे, त्याची घासाघीस मलासुद्धा ऐकू येते, म्हणून तो शेजार मला आवडतो. माझ्या लेकीने, म्हणजे तुझ्या भाचीने, चार दिवस रजा काढून सगळं घर लावून दिलं. एकाच दुकानातून, एका दमात. राखाडी सोफा, राखाडी पडदे, राखाडी उशा. भिंतीवर तीन चौकटी, आणि तिन्हींत तेच एक पान, फक्त वळलेलं वेगवेगळ्या बाजूला. पोरीने किती मायेने केलं ते मला कळतं ग. उभ्याने जेवत होती, गुडघे टेकून फरशी पुसत होती. पण ती गेली आणि मी सोफ्यावर बसले, तर मला सारखं वाटायला लागलं की आत्ता आतून कोणीतरी माझं नाव पुकारेल आणि दात दाखवायला आत जावं लागेल.

तुझ्यापासून काय लपवायचं? आग लागली त्या दिवशी मी रडले नाही, सगळे म्हणाले वहिनी खंबीर आहे. पण तुझ्या दादाचा कारखाना ते गेल्यापासून मी जसाच्या तसा ठेवला होता. रंधा जिथे ठेवला तिथेच, पेन्सिल कानावरून काढून खिडकीत ठेवलेली, ती तिथेच. एका वायरीतून ठिणगी उडाली आणि खालचा कारखाना आणि वरचं घर दोन्ही गेलं. आज ह्यांच्या हातचं बोटभर लाकूड माझ्याकडे नाही. ते गेल्याचं दुःख एकदा झालं होतं, ते पुन्हा नव्याने झालं.

तेव्हा माझा विचार असा चाललाय. घरमालकीणबाईंना मे संपायच्या आत सांगायचंय की खोल्या ठेवते की सोडते. लेकीने तिकडे माझ्यासाठी एक खोली तयारच ठेवली आहे. तिथे माझ्या विणकामाचा वेत भिजत घालायला टब ठेवण्याइतकीही जागा नाही, पण आता वेत विणतंय तरी कोण? आगीनंतर मी वेताला हात लावलेला नाही. घर म्हणावं असं काही राहिलंच नसेल, तर माणूस इथे राहिलं काय आणि तिथे राहिलं काय. जावं असंच मनात येतंय.

पायाला जप. मास्तरांवर ओरडताना पाय आपटू नकोस. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे तो तसाच ठेव.

तुझी,
वहिनी


१५ मार्च

ती. वहिनीस,
टिचकीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. वर्तमानपत्राच्या जागी ते उठले आणि स्वतःहून चहा करून आणला. तेव्हा अधूनमधून त्यांच्याबद्दल असंच लिहीत जा.

पण शेवटचा भाग मी त्यांना वाचून दाखवला नाही, कारण मला वाचता येईना. वहिनी, तू लेकीकडे जावंस की नाही हे सांगणारी मी कोण. ती गुणाची पोर आहे, तुला फुलासारखं ठेवील. पण तुला आनंद होतोय म्हणून जाशील तर मीच प्लास्टरसकट तुला पोचवायला येईन. घर उरलं नाही म्हणून जाणार असशील, तर मला ते सोसणार नाही. दादा गेला तेव्हा मी माहेर गेलं असं धरून चालले होते, आणि तू मला ते कधी जाणवू दिलं नाहीस. आजही मी रस्त्यावर कुठेही असले तरी मनात माहेर म्हणजे तुझं दार असतं. ते दार लेकीच्या घरातल्या एका खोलीला असेल, तर मी घंटा वाजवताना विचार करीन. एवढा माझा स्वार्थ आहे, तो मी सरळ सांगून टाकते.

तुझं जुनं घर आठवतंय ना? त्यात कुठल्या दोन वस्तू एकमेकींच्या जोडीच्या नव्हत्या. आप्पाने दुरुस्त करून दिलेलं घड्याळ इतकं पुढे धावायचं की तू पाहुण्यांना ते बघून निघू नका म्हणून सांगायचीस. आरशाला एका कोपऱ्यात पारा नव्हता, तिथे कोणाचंच तोंड दिसायचं नाही. पडदे एका खिडकीचे जाड आणि एकीचे विरलेले. एखाद्या दुकानदाराने बघितलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता. पण त्या खोलीत बसलं की उठवत नसे. ते घर तू एका दमात लावलेलं नव्हतंस. ते वर्षानुवर्षं साठत गेलं होतं, ज्याने जे दिलं ते, जे सापडलं ते.

म्हणून एक मागणं आहे. मे संपत येईपर्यंत घरमालकीणबाईंना काही बोलू नकोस. आणि दरम्यान दारात काही सामान आलं तर परत धाडू नकोस. काय, कुठून, विचारू नकोस. पाय अडकलाय पण हात मोकळे आहेत, आणि मला मोकळं सोडलं की काय होतं ते तू जाणतेस.

माझी काळजी करू नकोस, थोडी आठवण काढ. नमस्कार पुन्हा एकदा, खाली वाकता येत नसल्यामुळे बसूनच.

तुझी,
टिचकी


९ एप्रिल

चि. सौ. टिचकी हिस,
आशीर्वाद. अनेक आणि उत्तम हे दोन शब्द या खेपेला मुद्दाम गाळले आहेत.

हा काय प्रकार आहे? पहिलं पार्सल आलं तेव्हा मी कौतुकाने उघडलं. आतून स्टूल. माझ्या भावाचं, त्याने स्वतःचं घर घेतलं तेव्हा आम्ही दिलेलं. म्हटलं, बिचाऱ्याने आठवणीने पाठवलं. दोन दिवसांनी दुसरं पार्सल. स्टूल. मग आप्पा भाऊजींचं. स्टूल. त्यांच्या लेकीचं. स्टूल. आज सकाळी आठवं आलं, तेव्हा पार्सलवाल्याने मला विचारलं की इथे शिकवणी सुरू होणार का. घरमालकीणबाई जिन्यातून मान वळवून वळवून बघताहेत. त्यांना वाटतंय मी खानावळ काढतेय.

तुला माहीत नाही असं नाही, पण रागात आहे म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या गोतावळ्यात कोणाचंही नवं घर झालं की ह्यांनी एक स्टूल करायचं आणि मी त्याची बैठक वेताने विणायची, हे आमचं ठरलेलं होतं. चार पाय, चौकोनी, गुडघ्याच्या उंचीचं, सगळ्यांना अगदी एकसारखं, म्हणजे कोणाला चांगलं आणि कोणाला वाईट अशी कुजबुज नको. आमच्या स्वतःच्या घरात मात्र तसलं एकही नव्हतं, कारण आम्ही लग्नात ज्या घरात शिरलो त्याच घरात राहिलो. नवं घर झालंच नाही, तर स्टूल कुठून येणार? आम्ही आपले उलट्या खोक्यांवर बसायचो.

तर ती सगळ्यांची हक्काची वस्तू आहे. दिलेली वस्तू मी परत घ्यायची? ह्यांनी मनापासून दिलेली? ते असते तर घरात अबोला झाला असता. मी काही अनाथ नाही, आणि हे काही निर्वासितांचं मदत केंद्र नाही. सगळी स्टुलं स्वयंपाकघरात एकावर एक रचून ठेवली आहेत, भांडी घासायला वाकले की त्यांचे पाय माझ्या पाठीला टोचतात. पुढच्या आठवड्यात एकेक करून परत पाठवणार. यात तुझं डोकं आहे हे मी ओळखलंय. लेकीचं सोडलं तर सगळ्यांची आली, आणि जिने कट केला तिचं आलं नाही, एवढ्यावरूनच कळलं.

राग आहे तो पायावर काढत नाही, पाय बरा होऊ दे.

वहिनी


१७ एप्रिल

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार, आणि कान धरून उभी आहे, एका पायावर का होईना.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की मास्तर धावत आले. वहिनी, खरं सांगते, स्टुलांचं मी कोणाला एका शब्दाने म्हटलं नव्हतं. मी सगळ्यांना वेगवेगळी पत्रं टाकली, की वहिनीचं घर ओकंबोकं आहे, तेव्हा तुमच्या घरातली एखादी वापरातली, जीव लावलेली वस्तू तिला पाठवा. आणि प्रत्येकाला बजावलं की बाकी कोणाला सांगू नका, नाहीतर वहिनीच्या कानावर जाईल. माझ्या डोळ्यांसमोर काय काय होतं! एकाकडून आरसा येईल, कोणी दिवा पाठवील, कोणी जुनी चादर, कोणी कुंडी. पुन्हा तसं भरलेलं, कुठल्याच दुकानात न मिळणारं घर. आणि आपली मंडळी बघ. प्रत्येकाने आपापल्या घरात उभं राहून चारी बाजूंना बघितलं असणार, आणि प्रत्येकाला जीव लावलेली एकच वस्तू सापडली. कोणाला सांगायचं नाही म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही. असला घोटाळा आपल्याच घरात होऊ शकतो. पण मला तर हे कळल्यापासून रडूच येतंय, तुला येत नाही का?

आता माझ्याबद्दल. माझं स्टूल मी पाठवलं नाही, हे तू बरोबर पकडलंस. दोनदा कागदात गुंडाळलं आणि दोनदा सोडलं. या घरात आले तेव्हा दादा ते खांद्यावर घेऊन चालत आला होता आणि दारात ठेवून म्हणाला होता, की तुझे पाय जमिनीला टेकावेत म्हणून याचे पाय थोडे कापून आणलेत, कोणाला सांगू नकोस. एकसारखं असतं असं तू म्हणतेस, पण माझं बोटभर आखूड आहे. दुसऱ्यांना द्या म्हणून पत्रं लिहिली आणि स्वतःचं मात्र सोडवेना. आत्ताही प्लास्टर त्यावरच टेकवून लिहितेय. तुला हवं असलं तर मागून घे, मी नाही म्हणणार नाही. पण मागू नकोस.

परत पाठवायचीच असतील तर पाठव, तुझ्या शब्दाबाहेर कोणी नाही. एवढंच कर, की पाठवण्याआधी एकेकाला नीट बघ.

तुझ्या रागालाही मी मायाच समजते.

टिचकी


२ मे

चि. सौ. टिचकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. दोन्ही शब्द परत दिले.

आधी तुझ्या स्टुलाचं. ते तुझ्याचकडे राहू दे. ह्यांनी पाय कापल्याचं मला कधी बोलले नाहीत, आणि मी मात्र लोकांना एकसारखी, एकसारखी म्हणून सांगत सुटले होते. वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. तू ते न पाठवून योग्य केलंस.

परत पाठवायला म्हणून मी सगळी स्टुलं पुढच्या खोलीत उजेडात मांडली. आणि माझी ताठ मान तिथेच खाली आली. आप्पा भाऊजींच्या स्टुलाची बैठक कधीतरी फाटली असणार, तर त्यांनी तिथे प्लास्टिकची पट्टी ताणून बसवली आहे. निळी आणि पिवळी! घड्याळातले केसाएवढे काटे बसवणारा माणूस, आणि हे त्याला दिसू नये? भावाच्या स्टुलाचं लाकूड शोधावं लागतं. त्याने रंगवलेल्या प्रत्येक घराचा रंग त्याच्यावर ठिबकला आहे, थरावर थर. आप्पांची लेक इस्पितळात सगळ्यांची पोरं सांभाळते आणि तिच्या घरी तिच्या जुळ्यांनी स्टुलाच्या कडेवर दात आजमावले आहेत, अगदी ओळीने खुणा आहेत. एकाच मापाची, एकाच हाताची ही स्टुलं, आणि आता एक दुसऱ्यासारखं दिसत नाही.

पण बैठकांची ती दशा! कुठे वेत तुटलेला, कुठे मधोमध खोलगट, एकाला तर वरून जाजम खिळ्यांनी ठोकलेलं. माझ्या हातचं काम अशा अवस्थेत पुन्हा कोणाच्या घरी धाडायचं? माझ्याने होईना. चार दिवस कानाडोळा करून पाहिला. पाचव्या दिवशी बाजारात जाऊन वेताच्या पट्ट्या आणल्या, न्हाणीघरातल्या बादलीत भिजत घातल्या आणि आप्पांच्या स्टुलापासून सुरुवात केली. ती निळी-पिवळी पट्टी कापताना जे समाधान झालं ते शब्दांत सांगत नाही. सुरुवातीला बोटं ऐकत नव्हती, पट्टी सुटून तोंडावर यायची. आडवे ताणे झाले, उभे झाले, तिरके ओवायला घेतले आणि मग हात आपोआप चालायला लागले. दुपार कशी सरली कळलं नाही. जेवायचंसुद्धा राहिलं.

आता पुढचं लिहिते, ते सावकाश वाच. तुझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, सुनेचं स्टूल मी शेवटी ठेवलं होतं, कारण मला तिचा राग आला होता. बारा ठिकाणी चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, आणि आत तिची चिठ्ठी, की मामांनी इतक्या प्रेमाने दिलेलं, खराब होईल म्हणून कधी उघडलंच नाही. म्हटलं, बसायची वस्तू आणि तिच्यावर इतक्या वर्षांत कोणी बसलं नाही! बडबड करतच कागद फाडला. आणि टिचकी, आतून ह्यांच्या पॉलिशचा वास आला. ते स्वतः शिजवायचे ना, कोणाला कृती सांगायचे नाहीत, तोच वास. शर्टाला यायचा, उशीला यायचा, आयुष्यभर मी त्यावरून कुरकुर केली. आगीनंतर मला वाटलं होतं की तो वास आता या जगात कुठे नाही. मी ते स्टूल मांडीवर घेतलं आणि आगीच्या दिवशी रडायचं राहिलं होतं ते रडून घेतलं. खालून किल्लीवाला विचारायला आला, की काही दुखतंय का. मी म्हटलं, नाही रे बाबा, बरं वाटतंय.

त्या पोरीला मी मनात काय काय बोलले, आणि तिनेच तो वास माझ्यासाठी जपून ठेवला होता. आणि मला एक उमगलं. आम्ही जे घरात ठेवलं होतं ते सगळं जळालं. जे लोकांना दिलं तेवढं शिल्लक राहिलं, आणि नुसतं राहिलं नाही, लोकांनी ते अंगाखांद्यावर वागवलं. मी कोणाचे किती आभार मानू? तुझ्यापासून सुरुवात करते.

दरम्यान घराचं रूप पालटलं आहे. काम करायला जागा हवी म्हणून सोफा आतल्या खोलीत सरकवला, दुपारी त्यावर झकास झोप लागते. भावाचं रंगीत स्टूल खिडकीत ठेवलंय, त्यावर घरमालकीणबाईंनी दिलेली कुंडी. पलंगाशी एक, त्यावर दिवा आणि चष्मा. राखाडी पडदे ठेवले, त्या रंगांच्या मागे ते शोभताहेत, पोरीची नजर चांगली आहे. एका स्टुलाची जुनी बैठक अख्खी निघाली, वापरून वापरून मधासारखी पिंगट झालेली. टाकवेना. भिंतीवरचं एक पान काढून त्या चौकटीत ती बसवली. उजेड आला की भिंतीवर जाळी पडते.

पण नियम तो नियम. दिलेली वस्तू माझी नाही. सगळ्यांना कळव, की स्टुलं दुरुस्त झाली आहेत. पार्सल होणार नाही, वाटेत घासली जातात. ज्याचं स्टूल त्याने येऊन न्यावं.

तू चालायला लागलीस की कळव. तुझी माया माझ्या हिशेबाबाहेर आहे, तिथेच राहू दे.

तुझीच,
वहिनी


१२ मे

ती. वहिनीस,
नमस्कार. आता खरोखर वाकून, कारण प्लास्टर निघालं. पाय मात्र मास्तरांच्या स्वभावासारखा झालाय, हलतो पण हळूहळू.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं, आणि मग मास्तरांनी एकट्याने वाचलं. दादाच्या पॉलिशचा वास! वहिनी, तो कागद स्टुलावर पुन्हा लावून ठेव ग, मी येईपर्यंत वास थोडा शिल्लक ठेव.

तुझा निरोप सगळ्यांना दिला. आणि तिकडच्या गमती ऐक. स्टूल पाठवून दिल्यापासून प्रत्येकाच्या घरात काही ना काही अडलंय. जुळ्यांचा हात बेसिनपर्यंत पोचत नाही, म्हणून दोघं एकमेकांच्या पाठीवर उभे राहतात आणि रोज एकाचं तरी नाक फुटतं. आप्पा बूट घालायला उंबऱ्यावर बसतो आणि उठताना कण्हतो. तुझ्या भावाने दुसरं स्टूल विकत आणलं, त्याचा पाय दुसऱ्याच दिवशी मोडला. सगळे येताहेत, तारखा ठरवताहेत. प्लास्टिकच्या पट्टीबद्दल तू काय म्हणालीस ते मी आप्पाला शब्दशः कळवलं. तो म्हणाला, रंग तर छान होते.

आता एक अवघड गोष्ट. मे निम्मा होत आला. सगळ्यांनी आपापली स्टुलं नेली की खोली पुन्हा रिकामी होणार, आणि तू पुन्हा त्या सोफ्यावर बसून नाव पुकारण्याची वाट बघणार, याची मला धास्ती वाटते. तुझ्या नियमापुढे मी बोलत नाही. पण घरमालकीणबाईंना काय सांगणार आहेस? लेकीला काय सांगणार आहेस? ती खोलीला रंग देतेय असं कळलं. तू काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे. मात्र मला अंदाजाने हो म्हणू नकोस.

वाट बघते. दार कुठलंही असो, त्यावर माझी थाप पडणार हे गृहीत धर.

तुझी,
टिचकी


३० मे

चि. सौ. टिचकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाय सुटला, देव पावला. पण लगेच गाडीत बसू नकोस, शिकाऊंना थोडे दिवस रस्ता ओलांडायला शिकव.

तर ऐक. पहिले आप्पा भाऊजी आले. आपल्या स्टुलावर बसले, नव्या बैठकीवरून तीनदा हात फिरवला, निळ्या-पिवळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवले, गप्पा मारल्या, माझ्याकडे घड्याळ नसल्याचं बघून स्वतःचं एक भिंतीवर लावून गेले. ते गेल्यावर बघते तर स्टूल जिथल्या तिथे. म्हटलं, वय झालं, विसरले. मग भाऊ आला, खिडकीच्या चौकटीला रंग देऊन गेला, आणि स्टूल विसरून गेला. आप्पांची लेक जुळ्यांना घेऊन आली. पोरांनी स्टुलावर चढून माझ्या बेसिनशी पाण्याचा चिखल केला, जाताना त्यांनी ते उचललंसुद्धा, तर त्यांच्या आईने त्यांच्या हातातून काढून परत ठेवलं आणि मला म्हणाली, काकू, पुढच्या वेळी नेऊ. मी जिन्यापर्यंत मागे धावले, तर खाली वळूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टूल इथे राहिलं की इथे यायला निमित्त राहतं. इतक्या जणांनी एकमेकांना न विचारता पुन्हा तोच घोटाळा केला आहे, आणि या खेपेला मला राग आला नाही.

गेल्या रविवारी सगळेच एकदम उगवले. अक्कांची सूनही आली. तिला तिच्या स्टुलावर बस म्हटलं तर टोकाशी टेकली, जणू मोडेल. मी खांदे धरून तिला नीट बसवलं आणि तिने जपून ठेवल्याबद्दल तिचे आभार मानले. ती म्हणाली, मामी, मला वाटलं तुम्ही रागवाल. मी म्हटलं, रागावले होते. मग दोघींनी डोळे पुसले.

आणि शेवटी तुझी भाची. तिला मी काय सांगायचं याची दोन दिवस मनात उजळणी करत होते. दार उघडलं तर ती बाहेर उभी, काखेत तिचं स्टूल. तू तिला पत्र टाकलं नव्हतंस म्हणे, घर तिनेच लावलेलं, ते ओकंबोकं आहे असं तिला कसं सांगायचं म्हणून. तिला बाकीच्यांकडून कळलं. आत येऊन तिने एकदा चहूकडे बघितलं. रंग, जाळी, आप्पांचं पुढे धावणारं घड्याळ. काढलेल्या पानाची जागा तिने बघितली आणि मी जीभ चावली. ती माझ्या कानाशी येऊन, मला नीट ऐकू यावं इतक्या मोठ्याने म्हणाली, की आई, तुझी खोली तिकडे रंगवून तयार आहे, तू पाहुणी म्हणून हवं तेव्हा ये, हे स्टूल मात्र इथे राहणार. सगळ्या खोलीने ऐकलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही. इतकी शहाणी पोर माझ्या पोटी आली, मी कोणत्या जन्मी काय केलं होतं कोण जाणे.

मग मी चहा केला. ट्रे घेऊन बाहेर आले, तर सगळे आपापल्या स्टुलावर बसलेले, गोल करून, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लागलेले. सगळ्यांना कप दिले. शेवटचा कप माझा. तो हातात घेऊन मी उभी राहिले, कारण बसणार कशावर? सोफा आत, आणि त्या खोलीत माझ्या नावाचं स्टूल एकही नाही, कधी नव्हतंच. मी तशीच उभ्याने पहिला घोट घेतला. तेवढ्यात कोणाच्या तरी ते लक्षात आलं, आणि टिचकी, सगळेच्या सगळे एकदम उठले. आप्पा गुडघा धरत उठले, भाऊ कप सांडत उठला, जुळी उठली, तुझी भाची उठली, आणि ती अक्कांची सून, जी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली होती, तीसुद्धा उठली. सगळी माणसं उभी आणि सगळी स्टुलं रिकामी, आणि जो तो म्हणतोय, माझ्या स्टुलावर, माझ्या स्टुलावर. मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. ह्यांनी हे बघायला हवं होतं एवढंच सारखं वाटत होतं.

संध्याकाळी घरमालकीणबाईंना सांगून आले, की खोल्या ठेवते. अंदाजाने नव्हे, नीट ऐकून, विचार करून सांगितलं.

मी शेवटी कोणाच्या स्टुलावर बसले ते मात्र विचारू नकोस. घरात भांडणं होतील.

ये लवकर. माझ्यावरची माया कमी करायला तुला वेळ मिळू नये, हाच आशीर्वाद.

तुझी,
वहिनी